डबी कुणाची

“हे काय आहे?” बाळगोंडा अण्णांनी विचारलं आणि माझ्या टेबलावरची डबी दोन बोटांत धरून उचलली.

दुकानात आंब्याचा वास भरून राहिला होता. वार्निशचा वास आमच्याकडं बारा महिने असतो, आणि जळक्या मोटारीचा तर आम्ही अंगावर घेऊनच घरी जातो. पण त्या दुपारी ह्या सगळ्यांवर आंब्याचा वास तरंगत होता आणि पंख्याखाली पांढुरक्या वाफेचा एक पट्टा अजून विरायचा होता. तो मी सोडलेला होता. पाहुणे इकडं येतायत हे मला रस्त्यावर गाडीचं दार वाजलं तेव्हा कळलं, तोवर उशीर झाला होता.

माझा धाकटा भाऊ सुकुमार उंबऱ्यातच थांबला. त्यानं आधी त्या पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. इचलकरंजीत आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. यंत्रमागाची मोटर जळली की माग बंद पडून उभा राहतो. मग आतली जळकी तार काढायची, नवी तार गुंडाळून बसवायची, वार्निश पाजायचं आणि मोटर परत मागाला जोडून द्यायची, हे आमचं काम. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि सुकुमार शाळेत. दुकान बंद करायचं असं घरात ठरून गेलं होतं. बाबांचे कारागीर रफिकभाई किल्ली द्यायला घरी आले. ती मी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. तेव्हापासून ते मीच उघडते.

त्या रविवारी सुकुमारच्या लग्नाचं बोलणं करायला निपाणीची माणसं आली होती. मुलगी अनुजा, तिचे चुलते बाळगोंडा अण्णा आणि अण्णांची आई, म्हणजे तिची आजी. घराणं तंबाखूच्या व्यापारातलं, वखारी, पेठेत वजन. मुलीला वडील नव्हते, म्हणून सगळं अण्णाच बघत. आई मला म्हणाली होती, “पद्मा, आज तरी दुकानात जाऊ नको.” पण एका मागवाल्याची मोटर अडकली होती. पाहुण्यांची पानं उठली, हात धुऊन झाले, तशी मी मागच्या दारानं निघून आले. मी जैन बस्तीत दर्शनाला गेले असेन असं सुकुमारला वाटलं, आणि त्यानं पाहुण्यांना म्हटलं, चला, जाता जाता दुकान बघून घ्या.

“हे काय आहे?” अण्णांनी पुन्हा विचारलं. डबी त्यांनी नाकाजवळ नेली. “आमरसाचा वास येतोय.”

त्यांच्या मागं आजी आल्या, आणि आजींच्या मागं अनुजा. तिनं गुलाबी साडी नेसली होती आणि ती तिला चालताना अडवत होती.

“सिगारेटचं मशीन आहे ते,” अनुजा हळूच म्हणाली. “बॅटरीवर चालतं. बेळगावला कॉलेजात पोरांच्याकडं बघितलंय मी.”

“सिगारेट?” अण्णांनी डबी जरा लांब धरली. “कुणाचं हे?”

मी तोंड उघडायच्या आत सुकुमार बोलला.

“रफिकभाईंचं असेल.”

रफिकभाई मागच्या बाजूला स्टुलावर बसून तार गुंडाळत होते. ह्या माणसानं आयुष्यात पान खाल्लं नव्हतं. चहात साखर जास्त झाली तरी त्यांना अपराध्यासारखं वाटायचं. त्यांनी मान वर केली, सुकुमारकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सगळं ओळखलं.

“हां,” ते म्हणाले. “माझंच हाय ते.”

“वय काय तुमचं?”

“साठीला आलो.”

“आणि ह्या वयात ही थेरं? दुकानात बाईमाणूस बसतंय, तिच्यासमोर धूर काढता?”

“चुकलं, अण्णा.”

ते इतक्या सहज म्हणाले की मलाच क्षणभर खरं वाटलं. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं कधीकधी फार चांगलं खोटं बोलतात.

आता डबीचं सांगते. बाबांच्या मागं दुकान चालवायला लागले तेव्हा मागवाले यायचे, बाकड्यावर बसून सिगारेटी ओढायचे, आणि मोटर कधी मिळणार ते रफिकभाईंना विचारायचे. मी त्यांच्यासमोर बसलेली असायचे. एक दिवस एकानं पाकीट पुढं केलं, थट्टेनं. मी त्यातली एक घेतली आणि पेटवली. त्यानंतर तो माणूस मोटारीचं मला विचारायला लागला. हे कारण काही फार शहाणपणाचं नव्हे, पण सुरुवात तशी झाली. पुढं दिवसाला एक पाकीट पुरेना. खोकल्यानं रात्री झोप लागेना. सुट्या भागांचे एक व्यापारी चीनला प्रदर्शनाला गेले होते, त्यांच्याकडून मी ही डबी मागवली. तेव्हा असल्या डब्यांवर सरकारची बंदी यायची होती. घरात आईला माहीत होतं, पण आम्ही त्याबद्दल बोलत नसू. सुकुमारलाही माहीत होतं. पुण्याहून आला की तो म्हणायचा, “ताई, निदान लोकांसमोर नको.”

लोकांसमोर मी ती कधी काढलीही नव्हती. आज लोकच आत आले होते.

अण्णांनी डबी टेबलावर ठेवली आणि रुमालानं बोटं पुसली.

“सुकुमारराव, राग मानू नका,” ते म्हणाले. आवाज प्रेमाचा होता. “पण दुकान तुमचं, तर शिस्तही तुमची पाहिजे. तुम्ही पुण्यात नोकरीवर, इथं माणसं मोकाट. लग्न झालं की पहिलं हे बघा. ह्यांना मोकळं करा, एखादा तरुण माणूस ठेवा.”

“बघतो, अण्णा,” सुकुमार म्हणाला.

“आणि ताईंना तरी किती दिवस असं राखणीला बसवणार?”

“राखणीला?” मी विचारलं.

अण्णा माझ्याकडं वळले. माणूस वाईट नव्हता. लेकीशी बोलावं तसं बोलत होता. “सुकुमाररावांनी सांगितलंय आम्हाला. घरात बसून तुम्हाला करमत नाही, म्हणून त्यांनी तुम्हाला इथं बसायला सांगितलं. काम ह्या रफिकनं बघायचं, तुम्ही नुसतं लक्ष ठेवायचं. चांगलं केलं त्यांनी. बहिणीचं एवढं कोण बघतंय आजकाल?”

मी सुकुमारकडं पाहिलं. तो बुटाच्या टोकानं जमिनीवरचा तारेचा तुकडा इकडं तिकडं करत होता. रफिकभाईंनी खाली मान घातली होती. त्यांच्या हातातली तार थांबली होती.

भावाला मी लहानाचा मोठा होताना पाहिलेलं. तो मुद्दाम कुणाचं वाईट करणाऱ्यातला नाही. निपाणीसारख्या पेठेतल्या माणसांपुढं पुण्यातली नोकरी त्याला कमी वाटली असेल, आणि दुकान आहे म्हटलं की वजन पडतं. एकदा तोंडातून गेलं असेल, मग मागं घेता आलं नसेल. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या समजलं. समजलं म्हणून गप्प बसावं, असं मात्र वाटलं नाही.

“अण्णा, ती डबी द्या इकडं,” मी म्हटलं. “ती माझी आहे.”

मीच हात लांब करून घेतली.

“ताई,” सुकुमार म्हणाला.

“रफिकभाई तंबाखूला शिवत नाहीत. मला सांभाळायला ते बोलले. तुम्ही त्यांना जे बोललात ते मला बोला.”

अण्णांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी त्यांना थट्टा वाटली, मग नाही वाटली. आजी बाकड्यावर बसल्या होत्या. दात तंबाखूच्या मिशरीनं काळे, डोळे लखलखीत. त्यांनी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली.

“तू ओढतीस?” आजींनी विचारलं.

“ओढते.”

“काय असतंय त्यात?”

“आई, आपल्याला काय करायचंय,” अण्णा म्हणाले.

“विचारू दे मला. काय असतंय गं?”

विचारलंच होतं, तर सांगायला माझी हरकत नव्हती.

“ह्यात दोन बॅटऱ्या असतात,” मी म्हटलं. “वरच्या ह्या कुपीत औषधासारखं पातळ भरायचं. आत बारीक तार गुंडाळलेली असते आणि तारेत कापूस. बटण दाबलं की तार तापते, पातळाची वाफ होते, ती ओढायची. किती तापवायचं ते ह्या आकड्यानं ठरतं. हा बघा, कमी-जास्त करता येतो. पंधरावर ठेवलं तर काही कळतच नाही, कोमट पाणी प्यायल्यासारखं. तीसच्या आसपास मला बरं पडतं. पन्नासवर नेलं तर कापूस जळतो आणि दिवसभर तोंडात जळकी चव राहते. आडवी ठेवली की गळते, पर्समधले कागद चिकट होतात. जड आहे, ते हातात घेतल्यावर तुम्हाला कळेल. आंब्याचा वास पहिले आठ दिवस चांगला वाटतो, पुढं शिसारी येते.”

“आणि फायदा?” आजींनी विचारलं.

“सिगारेट सुटली. पाकीट संपवत होते मी दिवसाला, ते बंद झालं. रात्रीचा खोकला गेला. पण एक वाईट आहे. सिगारेट निदान संपते. जळून जाते, विझवावी लागते. हिला शेवटच नाही. हात सारखा तिच्याकडंच जातो. म्हणून आता पातळातल्या निकोटिनची, म्हणजे तंबाखूतल्या नशेची, मात्रा उतरवत आणलीय मी. चांगली वस्तू आहे असं मी कुणाला सांगणार नाही. पण माझी आहे.”

“बाईमाणसानं तंबाखू,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “आमच्या घरात असलं चालत नाही.”

“तुमच्या वखारीत तंबाखू कोण चाळतं, अण्णा?”

“काय?”

“पाला चाळायला, निवडायला कोण बसतं?”

उत्तर त्यांच्या मागून आलं.

“बायका,” अनुजा म्हणाली. “तोंडाला पदर बांधून बसतात. तरी ठसका लागतो. आम्ही लहान असताना तिथं खेळायला गेलो की आम्हालाही लागायचा.”

“तू गप्प बस,” अण्णा तिला म्हणाले, पण तसं जोरानं नाही.

“ते पोटासाठी करतात,” आजी मला म्हणाल्या. “तू कशासाठी करतीस?”

“तुम्ही मिशरी कशासाठी लावता?”

“मी घरात लावती. चार लोकांत नाही.”

“मीही माझ्या जागेतच ओढते, आज्जी,” मी म्हटलं. मग अण्णांकडं वळले. “अजून एक राहिलं. हे दुकान सुकुमारचं नाही. मला त्यानं इथं बसवलेलं नाही. बाबा गेले तेव्हापासून दुकान मी चालवते, जागेचा करार माझ्या नावावर आहे, आणि रफिकभाई माझ्याकडं कामाला आहेत. ते कुठंही जाणार नाहीत. सुकुमारची पुण्यातली नोकरी चांगली आहे, त्याच्या कष्टाची आहे. तेवढी बघून मुलगी द्यायची असेल तर द्या.”

हे बोलताना माझा आवाज चढला नव्हता. डबी मात्र मी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. अंगठा बटणावर पडला आणि वरून वाफेची एक बारीक पुंगळी निघाली. आजींनी ती शेवटपर्यंत विरताना पाहिली.

“चला,” अण्णा म्हणाले. “उशीर झाला.”

जाताना आजी माझ्याजवळ थांबल्या. काहीतरी बरं बोलतील असं मला वाटलं.

“खरं बोललीस,” त्या म्हणाल्या. “पण असली पोरगी ज्या घरात नणंद म्हणून आहे, तिथं मी माझी नात देणार नाही.”

“तुमची मर्जी, आज्जी.”

गाडी गेल्यावर सुकुमार परत आत आला. खांदे पडलेले. लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन यायचा तसा.

“हेच करायचं होतं तुला?” तो म्हणाला. “पाच मिनिटांची गोष्ट होती. ती माणसं गेली असती, विषय संपला असता.”

“रफिकभाईंना काढायला ‘बघतो’ म्हणालास तू.”

“म्हणायला म्हणालो. खरंच काढणार होतो का?”

“तुझं काय खरं आणि काय म्हणायला, ते मला कसं कळायचं?”

“फोन कर त्यांना. थट्टा केली म्हण. रागाच्या भरात बोलले म्हण. दुकानाचं मी बघतो कसं सांगायचं ते.”

“नाही करणार.”

“माझं लग्न मोडतंय, ताई.”

“ते मला दिसतंय. तरी नाही करणार.”

तो दाराशी जाऊन वळला. मग म्हणाला, “बाबा असते तर असं झालं नसतं.” आणि निघून गेला. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेला. आई आठवडाभर माझ्याशी जेवणापुरतं बोलली.

रफिकभाईंना मी हसून म्हटलं, “सुटलात बघा तंबाखूतनं.” ते हसले नाहीत.

“ताई, मी घेतलं होतं की अंगावर. ह्या वयात माझं काय जाणार होतं? पोराचं लग्न तरी झालं असतं.”

“तुमचं काम गेलं असतं.”

“तुम्ही घालवलं असतं होय?”

“आज नसतं. पण दुकान त्याचं आहे हे मी आज गप्प बसून कबूल केलं असतं, तर उद्या कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं ते मला कोण विचारणार होतं?”

त्यांनी स्टुलावर बसून अर्धी राहिलेली मोटर पुढं ओढली. त्यांना माझं पटलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी अनुजा आली. एकटी, एसटीनं, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. मी एका मोटारीच्या स्टेटरमध्ये हात घालून बसले होते. ती समोरच्या बाकड्यावर बसली आणि तिनं आधी पाणी मागितलं.

“घरी माहीत आहे?” मी विचारलं.

“कोल्हापूरला जाते म्हणून सांगितलंय. इथनं जाणारच आहे, त्यामुळं खोटं नाही.”

मला हसू आलं. तिलाही.

“घरच्यांनी नाही म्हटलंय,” ती म्हणाली. “पण मी अजून काही म्हटलेलं नाही. मला मुलगा आवडला होता. तुम्हाला एकच विचारायचंय. ते असं खोटं नेहमी बोलतात का?”

भावाच्या बाजूनं बोलायची ती शेवटची संधी होती. तो भित्रा आहे, वाईट नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण त्याच्या वतीनं मी किती वर्षं बोलत आले होते.

“ते तू त्यालाच विचार,” मी म्हटलं. “मी काही सांगितलं तर ते माझं उत्तर होईल.”

तिनं पर्समधून फोन काढला. मी रफिकभाईंना खूण केली आणि आम्ही दोघं चहाला म्हणून बाहेर गेलो. समोरच्या गाड्यावर उभं राहून चहा प्यायलो. आतून तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती. चहा संपला तरी पाठ तशीच होती. आम्ही दुसरा घेतला.

मग ती दारात आली.

“सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. “सगळं. दुकानाचं, रफिकभाईंचं. रडलेही.”

“मग?”

“मग काही नाही. खरं बोलले. पण मी विचारल्यावर.”

तिनं पर्स खांद्याला अडकवली. “मी विचारायचं विसरले तर काय, असं सारखं वाटत राहील मला.” तिनं रफिकभाईंना वाकून नमस्कार केला, ते एकदम मागं सरकले, आणि ती स्टँडकडं निघून गेली. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

सुकुमार दोन दिवाळ्या घरी आला नाही. आईला फोन करायचा, माझं नाव काढायचा नाही. मीही हट्टानं फोन केला नाही. ह्या काळात डबीची एक बॅटरी गेली. सरकारनं ह्या वस्तूंवर बंदी घातली, पातळ मिळेनासं झालं. मात्रा आधीच शून्यावर आली होती, उरली होती ती हाताची सवय. ती सुटताना चिडचिड होऊन मी रफिकभाईंवर दोनदा ओरडले, त्यांनी ऐकून घेतलं. मग तेही थांबलं. डबीचं तांबं आणि स्क्रू काढून घेतले, बाकीचं भंगारात दिलं.

पुढं आईच्या ओळखीतून सांगलीचं एक स्थळ आलं. आईच्या शब्दाखातर सुकुमार आला. मुलीचे वडील, आई, मामा आमच्या घरी पुढच्या खोलीत बसले होते. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आत आले. सुकुमारचं माझ्याशी अजून धड बोलणं झालं नव्हतं, दारात नुसतं “बरी आहेस ना” झालं होतं.

मुलीच्या वडिलांनी घरच्या व्यवसायाचं विचारलं. सुकुमारनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

“माझी पुण्यात नोकरी आहे, तेवढंच माझं,” तो म्हणाला. “दुकान ताईचं आहे. सगळं ती एकटी चालवते. माझं शिक्षण त्यातूनच झालं. आणि आणखी एक आधीच सांगतो, नंतर कुणाकडून कळायला नको. ताई ओढते. आमच्या घरात ते चालतं. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा.”

आईच्या हातातला चमचा बशीवर वाजला. सुकुमारचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती, आणि तो थेट त्या गृहस्थांकडं बघत होता.

मला ओढणं सोडून तेव्हा पुष्कळ दिवस झाले होते. ते त्याला ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढं ठेवली.

“हो,” मी म्हटलं. “खरं आहे.”